आद्य वैमानिकांची आठवण कशी ठेवायची, आणि पुढची विमानं कशावर उडणार?

पतंगवेडा | १५ ऑक्टोबर २०२५, सकाळी ७:४०

आज १५ ऑक्टोबर. ९३ वर्षांपूर्वी, १९३२ मध्ये, याच दिवशी जेआरडी टाटा सकाळी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून पुस मॉथ हे छोटं विमान घेऊन निघाले, अहमदाबादला थांबून पेट्रोल भरलं (पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते) आणि दुपारी जुहूला उतरले. टपाल होतं पंचवीसेक किलो. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला ते नेव्हिल व्हिंटसेंट घेऊन गेले. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलात जायचं म्हणून पावसाळ्यात सगळा मुक्काम पुण्याला हलवायचे. मागच्या आठवड्यात नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा मला सारखं ते चिखलाचं मैदान आठवत होतं.

आज दिवसभर जेआरडींचा तोच एक फोटो सगळीकडे फिरेल आणि उद्या विषय संपेल, याचं मला मनापासून वाईट वाटतं. या लोकांनी जे काम जिथे सोडलं तिथून ते पुढे नेणं हाच त्यांचा मान, असं माझं मत. म्हणून दोन प्रश्न. एक, जेआरडी सोडून आपण कुणाकुणाला विसरलो? दोन, आज बॅटरी, हायड्रोजन, एअर टॅक्सी असं जे काय काय चाललंय त्यातलं खरं पुढचं पाऊल कुठलं? लिहा भरभरून.

सोलापुरी_चादर | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

पहिलं नाव वालचंद हिराचंद, आमच्या सोलापूरचे. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानला सोबत घेऊन बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. महायुद्ध चालू, इंग्रज सरकारला इथे विमानं बनावीत असं फारसं वाटत नव्हतं, आणि या माणसाने अमेरिकेतून मशीनं आणि माणसं आणून वर्षभराच्या आत हार्लो नावाचं शिकाऊ विमान जोडून उडवून दाखवलं. पुढे सरकारने कंपनी ताब्यात घेतली. आजची एचएएल, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स, ती हीच. स्वतः वैमानिक नव्हते, पण कारखानाच नसता तर पुढचं काहीच नसतं.

निळी_घार | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:०२

कॅप्टन सौदामिनी देशमुख. नोव्हेंबर १९८५, इंडियन एअरलाइन्सचं फोकर फ्रेंडशिप, कोलकाता ते सिलचर, कॉकपिटमध्ये दोघीही बायका. माझ्या मावशीने त्या बातमीचं कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं, मी ते बघत मोठी झाले.

चौपाटीकर | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

आश्चर्य आहे, अजून कुणी शिवकर बापूजी तळपदे हे नाव घेतलं नाही. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर मरुत्सखा नावाचं विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी. आपल्याच माणसाचं नाव घ्यायला आपल्याला लाज का वाटते?

मोजपट्टी | १५ ऑक्टोबर, सकाळी १०:११

चौपाटीकर, लाज नाही वाटत, पुरावा लागतो. तळपदे हे खरे गृहस्थ होते, त्यांना या विषयाची ओढ होती, याबद्दल वाद नाही. पण त्या उड्डाणाचा त्याच काळातला एकही दस्तऐवज माझ्या पाहण्यात नाही. केसरीत छापून आलं होतं असं सगळे सांगतात, अंकाची तारीख विचारली की गप्प. ज्या वैमानिक शास्त्राचा आधार सांगतात त्याचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये अभ्यास केला. ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातल्या चित्रांप्रमाणे बनवलेली विमानं उडू शकत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. आकृत्या, वजनं, सगळं तपासून काढलेला.

चौपाटीकर | १५ ऑक्टोबर, सकाळी १०:२५

म्हणजे परदेशी माणसाचं सगळं खरं आणि आपल्याचं सगळं खोटं!

म्युनिकवासी | १५ ऑक्टोबर, दुपारी २:५०

चौपाटीकर, उलट आहे बघा. परदेशी माणसाचंही कुणी तसंच्या तसं खरं मानलं नाही, म्हणून तर विमान उडलं.

ओटो लिलिएनथाल. बर्लिनजवळ स्वतः मातीची टेकडी उभारून तिच्यावरून आणि आसपासच्या टेकड्यांवरून हा माणूस पंख बांधून उड्या मारायचा, दोन हजारांच्या वर उड्डाणं. ऑगस्ट १८९६ मध्ये पडला, मणका मोडला, दुसऱ्या दिवशी गेला. राइट बंधूंनी त्याचं काम वाचून सुरुवात केली आणि त्याने दिलेल्या आकड्यांवर पंख बनवले. १९०१ ला किटी हॉकला ग्लायडर नेलं तर हिशोबापेक्षा खूपच कमी उचल मिळाली. दुसरं कुणी असतं तर लिलिएनथालला शिव्या घालून मोकळं झालं असतं. यांनी घरी येऊन लाकडी पेटीचा वाऱ्याचा बोगदा बनवला आणि दोनेकशे छोटे पंख एकेक करून तपासले. निघालं असं की लिलिएनथालची मोजमापं बऱ्यापैकी बरोबर होती, चूक होती शंभराहून जास्त वर्षं सगळे डोळे मिटून वापरत होते त्या स्मीटनच्या गुणांकात, म्हणजे हवेच्या दाबाचा हिशोब करायच्या आकड्यात. ०.००५ धरत होते, राइट बंधूंच्या हिशोबाने तो ०.००३३ आला. त्यानंतर १७ डिसेंबर १९०३ ला त्यांचं विमान उडालं.

मला विचाराल तर लिलिएनथालचा सगळ्यात मोठा सन्मान त्या लाकडी पेटीने केला. तळपद्यांबद्दल खरंच आदर असेल तर त्यांच्याबद्दलची कागदपत्रं शोधा, जे सापडेल ते जसंच्या तसं मांडा. मीही मदत करेन.

पतंगवेडा | १५ ऑक्टोबर, दुपारी ३:२०

म्युनिकवासी, मला धाग्यात जे नीट मांडायचं होतं ते तुम्ही मांडलंत. तपासून बघणं हाच मान.

चौपाटीकर | १५ ऑक्टोबर, रात्री ८:४५

कागदपत्रं शोधायला मी तयार आहे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं बघता येतात, दिवाळीनंतर जाईन. पण तोवर त्यांना थापाड्या म्हणू नका एवढंच.

मोजपट्टी | १५ ऑक्टोबर, रात्री ८:५१

नाही म्हणणार. आणि काही सापडलं तर सगळ्यात आधी मीच वाचणार.

घाटावरचा | १५ ऑक्टोबर, रात्री १०:३०

आता माझी पाळी. किती जणांनी डॉ. विष्णू माधव घाटगे हे नाव ऐकलंय? खरं सांगा, गुगल न करता.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यात १९०८ ला जन्म. तिथून थेट जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांडटलच्या हाताखाली डॉक्टरेट, १९३६. प्रांडटल म्हणजे ज्याने पंखाच्या कातड्याला चिकटून असलेल्या हवेच्या पातळ थराचा सिद्धांत १९०४ मध्ये मांडला. पंखावरची हवा कुठे सुटते, उचल कधी एकदम कमी होते, घर्षण किती लागतं, हे सगळं त्या एका थरावर ठरतं. आधुनिक विमानविद्या त्याच्यावर उभी आहे आणि तिथे आपला घाटगे बसून शिकत होता. परत आल्यावर भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ ला विमानविद्येचा विभाग सुरू झाला त्यात पहिल्यापासून हे, मग एचएएलमध्ये डिझाइनचे प्रमुख. ५ ऑगस्ट १९५१ ला त्यांचं एचटी-२ बंगळूरला उडालं. दोन सीटचं, एकामागे एक, शिकाऊ विमान. आराखडाही इथलाच, बांधणीही इथलीच. हवाई दलातल्या कितीतरी पिढ्या पहिल्यांदा त्याच विमानात आकाशात गेल्या. घानाच्या हवाई दलानेही ते घेतलं. पुढे पुष्पक, कृषक, किरण जेट, सगळीकडे हा माणूस. किरण तर हवाई दलाचं सूर्यकिरण कसरती पथक २०११ पर्यंत ते उडवायचं म्हणून कितीतरी जणांना माहीत आहे, घाटगे मात्र त्यांच्याच जिल्ह्यात माहीत नाहीत.

सोलापूरच्या माणसाने कारखाना काढला आणि कोल्हापूरच्या माणसाने त्यात विमान जन्माला घातलं. हे आपल्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत तरी असावं की नाही?

सोलापुरी_चादर | १५ ऑक्टोबर, रात्री १०:४८

एका ओळीत नाही, अख्खा धडा पाहिजे. चादर आमची, रस्सा तुमचा, विमान दोघांचं :)

निळी_घार | १६ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

घाटावरचा, मी एरोनॉटिकलचा डिप्लोमा केलाय आणि घाटग्यांचं नाव वर्गात एकदाही आलं नाही. प्रांडटल मात्र परीक्षेला होता. काल रात्री आईला फोन करून सांगितलं त्यांच्याबद्दल.

हडपसरी | १६ ऑक्टोबर, सकाळी ११:१०

मोठी पोस्ट होणार आहे, चहा घेऊन बसा.

पुण्यात हडपसरला सरकारी ग्लायडिंग सेंटर, मी कॉलेजात असताना तिथे जायचो. फी अगदी विद्यार्थ्याला परवडेल अशी. ग्लायडरला इंजिन नसतं, पलीकडच्या टोकाला विंच, म्हणजे तार गुंडाळणारं यंत्र असतं, ते तारेने ओढायला लागलं की काही सेकंदांत तुम्ही वर, तार सुटते आणि मग जो काही आवाज येतो तो फक्त वाऱ्याचा. आमचे इन्स्ट्रक्टर सर रोहिणीवर शिकलेले. रोहिणी म्हणजे भारतातच डिझाइन झालेलं लाकडी ग्लायडर, साठच्या दशकातलं, शिकणारा आणि शिकवणारा शेजारी शेजारी बसतात. ते म्हणायचे घारी बघा, घार पंख न हलवता जिथे गोल फिरते तिथे गरम हवा वर चाललीय, तिकडे चला. आणि खरंच तिकडे गेलं की खालून कुणीतरी सीट उचलल्यासारखं व्हायचं.

सांगायचा मुद्दा असा की लिलिएनथाल काय करत होता हे मला वाचून कळलं नव्हतं, ते तिथे पोटात कळलं. पतंगवेडा तुम्ही विचारताय मान कसा राखायचा, तर माझं उत्तर हे की पोरांना उडू द्या. कॉलेजातल्या पोरापोरींना स्वस्तात ग्लायडर मिळू दे, जिल्ह्याजिल्ह्यात धावपट्ट्या आहेत, त्यातल्या कितीतरी दिवसभर मोकळ्या असतात. फ्रान्स, जर्मनी, पोलंडमध्ये गावोगावी ग्लायडिंग क्लब आहेत, शाळकरी पोरं एकटी उडतात. तिथे विमानं बनतात त्याचं एक कारण हेही असणार. आपल्याकडे विमान म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स आणि त्याचं कर्ज, मध्ये काहीच नाही.

म्युनिकवासी | १६ ऑक्टोबर, दुपारी १:३५

हडपसरींना पूर्ण अनुमोदन. इथे आमच्या शेजारची चौदा वर्षांची मुलगी शनिवारी ग्लायडर धुते, दोरी ओढते, त्या कामाच्या बदल्यात तिला उडायला मिळतं. अख्खा क्लब असाच चालतो.

कांदिवलीकर | १६ ऑक्टोबर, दुपारी ४:०५

मग कॅप्टन अमोल यादवांना कसं विसरता. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, क्रेनने खाली उतरवून २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात वांद्र्याच्या बीकेसीला ठेवलं होतं. मी मुलाला घेऊन गेलो होतो, मुलगा हलायलाच तयार नव्हता. त्याची नोंदणी व्हायला आणि उड्डाणाची परवानगी मिळायला मात्र वर्षांमागून वर्षं गेली. नंतर धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. अमेरिकेत हौशी लोक गॅरेजमध्ये विमान बांधतात त्यासाठी नियमांची वेगळी सोपी वाट आहे, आपल्याकडे अशी वाट रुंद झाली तर दर जिल्ह्यात एक यादव निघेल.

मोजपट्टी | १६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२०

अनुमोदन, पण सुरक्षेची तपासणी सैल नको. सोपी म्हणजे लवकर उत्तर देणारी, तपासणी न करणारी नव्हे.

आता दुसऱ्या प्रश्नाबद्दल. बॅटरी म्हटलं की सगळे खूश होतात म्हणून साधा हिशोब सांगतो. विमानाच्या केरोसीनमध्ये किलोमागे साधारण १२,००० वॉट-तास ऊर्जा असते. आजच्या चांगल्या बॅटरीत किलोमागे अडीचशेच्या आसपास. इलेक्ट्रिक मोटर इंजिनापेक्षा दुपटीहून जास्त कार्यक्षम असते हे मान्य, तरी फरक पंधरा-वीस पटींचा उरतो. शिवाय इंधन जळत जातं तसं विमान हलकं होतं, बॅटरी मात्र रिकामी झाली तरी तेवढ्याच वजनाची, ती घेऊनच उतरायचं. त्यामुळे मुंबई-लंडन बॅटरीवर हे इतक्यात विसरा.

निळी_घार | १६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:००

मोजपट्टी, लांबचं विसरा, पण जवळचं सुरू झालंय. स्लोव्हेनियातल्या पिपिस्ट्रेल कंपनीचं वेलिस इलेक्ट्रो. २०२० मध्ये युरोपच्या नियामकाने त्याला प्रमाणपत्र दिलं, पूर्ण इलेक्ट्रिक विमानाला मिळालेलं ते पहिलंच. दोन सीट, पाऊण-एक तास उडतं. शिकाऊ उड्डाणाला तेवढं पुरतं! फेऱ्या मारायच्या, उतरायचं, चार्ज करायचं. घाटग्यांचं एचटी-२ शिकाऊ विमान होतं, इलेक्ट्रिकचं पहिलं पाऊलही शिकाऊ विमानातूनच पडलंय, मला हे फार बरोबर वाटतं. आपल्या फ्लाइंग क्लबांनी अशी विमानं आणली तर शिकण्याचा खर्च आणि आजूबाजूच्या वस्तीला होणारा आवाज, दोन्ही कमी होतील.

आणि १५ ऑक्टोबरशी नातं सांगते. बोरिवलीची आरोही पंडित, जिने २०१९ मध्ये हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला, तिने २०२१ च्या १५ ऑक्टोबरला जेआरडींचा मार्ग पुन्हा उडून दाखवला, कराचीच्या ऐवजी भुजहून, अहमदाबादमार्गे जुहूला. तिचं विमानही पिपिस्ट्रेलचंच. स्वतः जेआरडींनी १९८२ मध्ये ७८ व्या वर्षी कराची-मुंबई पुन्हा उडवलं होतं. हारापेक्षा ही आठवण कितीतरी मोठी.

पायी_वारी | १६ ऑक्टोबर, रात्री ९:१५

सगळ्यांचा उत्साह बघून बरं वाटतंय पण एक कडू प्रश्न विचारते. उडणं कमी करावं असं कुणालाच का वाटत नाही? पुणे-मुंबई, मुंबई-नाशिक विमानं कशाला हवीत? चांगली रेल्वे द्या.

मोजपट्टी | १६ ऑक्टोबर, रात्री ९:४०

पायी_वारी ताई, जवळच्या अंतराला रेल्वेच, शंभर टक्के. लांबच्यासाठी सध्या एकच वाट हाताशी आहे, सॅफ म्हणजे शाश्वत विमान इंधन. वापरलेलं तेल, शेतातला कचरा, अल्कोहोल अशा गोष्टींपासून बनतं आणि आहे त्याच इंजिनात चालतं. पुण्याच्या प्राज कंपनीच्या मदतीने मे २०२३ मध्ये पुणे-दिल्ली प्रवासी विमान सॅफ मिसळून उडालं होतं. मिश्रण अगदी थोडं होतं, पण कच्चा माल देशी होता. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी आपलं लक्ष्य २०२७ ला १ टक्का आणि २०३० ला ५ टक्के आहे. अडचण किमतीची आणि पुरेसं बनवण्याची. आपल्याकडे ऊस आहे, मळी आहे, इथेनॉलचे कारखाने आहेत, पण उसाला लागणारं पाणीही त्या हिशोबात धरा.

हायड्रोजनही आहे, किलोमागे केरोसीनच्या तिप्पट ऊर्जा, पण उणे २५३ अंशाला द्रव करून ठेवायचा आणि तरी टाकी चौपट मोठी. एअरबसने हायड्रोजन विमानाचं २०३५ चं लक्ष्य याच वर्षी पुढे ढकललं.

घाटावरचा | १६ ऑक्टोबर, रात्री १०:०५

ऊस म्हटलात आणि आम्हाला जाग आली. आमच्या मळीवर विमान उडणार असेल तर कारखान्याच्या सभेत पहिला ठराव मी मांडतो.

पायी_वारी | १६ ऑक्टोबर, रात्री १०:१२

पाण्याचा मुद्दा घेतलात, धन्यवाद. ठरावात तोही घाला.

कांदिवलीकर | १७ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

आणि एअर टॅक्सी? अंधेरी ते नरिमन पॉइंट सात मिनिटांत वगैरे?

म्युनिकवासी | १७ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

आमच्या इथली लिलियम कंपनी, नावच लिलिएनथालवरून घेतलेलं, गेल्या वर्षी दिवाळखोरीत गेली. व्होलोकॉप्टर पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रवासी नेणार होती, तेही जमलं नाही, वर्षअखेरीला तीही त्याच वाटेने. तिथल्या इंजिनिअरांनी मनापासून काम केलं होतं, त्यामुळे वाईट वाटलं. सरळ वर उठायला जी प्रचंड ताकद लागते ती बॅटरी भराभर खाते, मोजपट्टींचा हिशोब इथे जास्तच बोचतो. अमेरिका आणि चीनमध्ये काम चालू आहे, होईलही. पण टॅक्सीआधी मला त्यातून अवयव, रक्त, दुर्गम भागातला रुग्ण जाताना बघायला आवडेल.

ओझरकर | १७ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:३०

मंडळी, धागा आजच वाचला, आणि आजच लिहायचं कारण आहे. आज आमच्या नाशिकजवळच्या ओझरहून, इथल्या एचएएल कारखान्यात तयार झालेलं पहिलं तेजस मार्क १ए लढाऊ विमान उडालं! गच्चीवर सगळं गाव. वडिलांनी याच कारखान्यात मिगवर काम करण्यात आयुष्य घालवलं, गेल्याच महिन्यात मिग-२१ निवृत्त झालं तेव्हा दोन दिवस नीट जेवले नव्हते. आज आवाज आला तसे स्वतःहून जिना चढले. आता ते विचारतायत की घाटगे साहेबांबद्दल कुणी लिहिलंय ते मोठ्या अक्षरात वाचायला दे.

निळी_घार | १७ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:५०

काकांना नमस्कार सांगा. आणि त्यांना मिगबद्दल इथे लिहायला सांगा, तुम्ही टाइप करा.

हडपसरी | १७ ऑक्टोबर, रात्री ८:२०

अजून एक राहिलंय. मंगळावर नासाचं इन्जेन्युइटी हेलिकॉप्टर उडालं, १९ एप्रिल २०२१, त्याच्या सोलर पॅनेलखाली राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाच्या पंखाच्या कापडाचा छोटा तुकडा चिकटवलेला होता. उडालं त्या जागेला नाव दिलं राइट ब्रदर्स फील्ड. मुख्य इंजिनिअर बॉब बलराम, आयआयटी मद्रासचे. तिथली हवा पृथ्वीच्या जेमतेम एक टक्का दाट, तरी पाच उड्डाणांसाठी बनवलेलं यंत्र बहात्तर वेळा उडालं. कापड नेलं त्याचं कौतुक आहेच, पण त्याच्या जोडीला नवीन हवेत नवीन पंख तपासला.

चौपाटीकर | १७ ऑक्टोबर, रात्री ९:००

हे माहीत नव्हतं. सुंदर.

पतंगवेडा | १८ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

सगळ्यांचे आभार. आता बोलून थांबायला नको. २४ ऑक्टोबर हा डॉ. घाटग्यांचा जन्मदिवस, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी येतोय. घाटावरचा, तुम्ही दिवाळीला गावी असाल ना? शाळा बंद असतील पण पोरं गावातच असतात. एखाद्या मैदानावर पोरांकडून थर्माकोलची ग्लायडर बनवून घेऊ, एकच आराखडा पण पंख वेगवेगळे, कुठला किती लांब जातो ते वहीत लिहू.

घाटावरचा | १८ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

मैदान ठरलं समजा, सरपंच वर्गमित्र आहे. भाषण नको म्हणून आधीच सांगतो त्याला.

हडपसरी | १८ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

मी येतो. पाच मिलिमीटरची शीट आणा, जाड आणू नका. नाकाला वजन म्हणून एम-सील, आणि ते कमी-जास्त करायला पोरांना स्वतःला द्या, तिथेच सगळं शिकतात. सकाळी लवकर सुरू करा, नऊनंतर वारा भरकटवतो.

सोलापुरी_चादर | १८ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

सोलापूरहून गाडी निघतेय, तीन जागा मोकळ्या. मोजायला तीस मीटरची टेप माझ्याकडे आहे.

निळी_घार | १८ ऑक्टोबर, सकाळी ८:३४

एक जागा माझी. मुलींचा गट मी घेणार.